इलेक्ट्रिक गाडी: मेंटेनन्स खरंच कमी येतो का, आणि वॉरंटीत नेमकं काय बसतं?

पहाटवारा

नमस्कार मंडळी. घरातली पेट्रोल गाडी आता काढायची आहे आणि पुढची इलेक्ट्रिक घ्यावी असं आमचं दोघांचंही मत होत आलंय. चार्जिंगचा प्रश्न सुटलाय, पार्किंगमध्येच पॉइंट बसवता येतो, रोजचं धावणंही फार नाही. अडकलोय ते पुढच्या खर्चावर. शोरूममधला मुलगा म्हणतो मॅडम या गाडीला मेंटेनन्स असतोच कुठे, इंजिनच नाही, आणि बॅटरीला आठ वर्षं वॉरंटी, मग चिंता कसली. ओळखीतले लोक बरोबर उलटं सांगतात, वॉरंटी संपली की बॅटरी बदलताना घाम फुटेल, गाडी कोणी घेणारही नाही. दोन्हीकडचं ऐकून डोकं भणभणलंय.

आम्ही एकदा गाडी घेतली की दहा-बारा वर्षं सोडत नाही, त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत किती वाचलं यात मला फारसा रस नाही. मला विचारायचंय ते हे की दरवर्षी खरोखर काय काय करावं लागतं, मधेच अंगावर येणारा खर्च कुठला, आणि त्या आठ वर्षांत बसतं काय? म्हणजे रेंज कमी झाली तरी बॅटरी बदलून देतात की पूर्ण बंद पडली तरच? वॉरंटीचं पुस्तक मागितलं तर म्हणाले डिलिव्हरीच्या वेळी मिळेल. ज्यांच्याकडे गाडी आहे किंवा जे याच कामात आहेत त्यांनी प्लीज जरा सविस्तर सांगा.

पाना_पकड

ताई, मी वर्कशॉपमध्येच असतो, आधी पेट्रोल-डिझेलवर आणि आता हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग घेऊन ईव्हीवर, त्यामुळे मेंटेनन्सपुरतं सांगतो, वॉरंटीच्या कलमांवर दुसरं कोणी जाणकार बोलेल.

मेंटेनन्स नाहीच हे खोटं, कमी आहे हे खरं. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, टायमिंग बेल्ट, क्लच, सायलेन्सर, फ्युएल फिल्टर हे सगळं बिलातून जातं आणि ते कायमचं जातं. पण टायर, ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, एसी, वायपर हे सगळं तसंच राहतं, खड्डा काही गाडी बघून लहान होत नाही.

सगळ्यात मोठा नेहमीचा खर्च म्हणजे टायर. बॅटरीमुळे गाडी त्याच साइजच्या पेट्रोल गाडीपेक्षा बऱ्यापैकी जड असते आणि मोटर उभ्या गाडीपासूनच पूर्ण टॉर्क देते, त्यामुळे सिग्नल सुटला की जोरात पाय दाबायची सवय असेल तर टायर लवकर घासतात. रोटेशन आणि अलाइनमेंट वेळेवर करा, हवा दर महिन्याला बघा. टायर बदलताना फक्त साइज बघून घेऊ नका, बाजूला लोड इंडेक्सचा (टायर किती वजन पेलतो त्याचा) आकडा असतो तो कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी चालणार नाही. आणि एक, कंपनीचे टायर कमी रोलिंग रेझिस्टन्सचे असतात, साधे टाकले की रेंज पडते आणि लोक येऊन सांगतात बॅटरी गेली वाटतं.

ब्रेकचं बरोबर उलटं आहे. रिजनमुळे (पाय उचलला की मोटरच उलट वीज बनवते) गाडी मोटरनेच हळू होते, पॅड घासतच नाहीत म्हटलं तरी चालेल, खूप वर्षं जातात. पण वापर नाही म्हणून डिस्कला गंज चढतो आणि कॅलिपरच्या स्लाइड पिन जाम होतात. परवाच एक गाडी आली होती, मागच्या चाकातून घासल्याचा आवाज अशी तक्रार. चाक काढलं तर बाहेरचा पॅड जवळपास नवा आणि आतला पॅड कॅलिपरमध्ये गंजून चिकटून बसलेला, पाना मारून मारून सोडवावा लागला, डिस्कवर नखाला लागेल एवढी खाच पडलेली. पॅडची जाडी मोजून ओके लिहून गाडी सोडली तर हे दिसतच नाही. म्हणून वर्षातून एकदा चाकं काढून पिन साफ करून ब्रेकचं ग्रीस लावून घ्या, दमट हवेत राहत असाल तर नक्कीच. आणि अधूनमधून रिजन कमी करून ब्रेक पायाने थोडा जोरात लावत जा, डिस्क साफ राहते.

ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी चालो न चालो. बऱ्याच कंपन्या दोन वर्षांनी बदला सांगतात, काही आधी तपासा मग बदला म्हणतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये जे असेल ते पाळा.

आता लोक विसरतात त्या गोष्टी. बॅटरी लिक्विड कूल्ड असेल तर तिचं कूलंट असतं आणि काही गाड्यांना ते कमी विद्युतवाहकतेचं खास कूलंटच लागतं, बाजारातलं कुठलंही हिरवं-लाल ओतायचं नाही. रिडक्शन गिअरमध्ये ऑइल असतं, बदलायचा काळ लांबचा असतो पण असतो. केबिन फिल्टर असतो. एसीचा कॉम्प्रेसर इलेक्ट्रिक असतो, त्याची मोटर आतल्या ऑइलमध्येच असते म्हणून तिथे पीओई प्रकारचं ऑइल लागतं, साध्या गाडीचं पीएजी ऑइल चुकून गेलं तर हाय व्होल्टेजचं इन्सुलेशन कमी होऊन फॉल्ट येऊ शकतो. बऱ्याच गाड्यांत बॅटरी थंड करायलाही हाच एसी वापरतात, म्हणून गॅस भरून घ्यायला कुठल्याही कोपऱ्यावर जाऊ नका, ज्याच्याकडे ईव्हीसाठी वेगळी मशीन किंवा नीट फ्लश करायची सोय आहे तिथेच जा.

आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी! ती ईव्हीतही असते. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असली तरी ही छोटी बसली की मेन कॉन्टॅक्टर (मोठी बॅटरी गाडीला जोडणारे स्विच) जोडलेच जात नाहीत, गाडी जागी होत नाही, काही गाड्यांची दारंही धड उघडत नाहीत. रस्त्यात बंद पडलेल्या ईव्ही आमच्याकडे टो होऊन येतात त्यातल्या कितीतरी फक्त या बॅटरीमुळे. तीन-चार वर्षं झाली की दर सर्व्हिसला टेस्ट करून घ्या, आणि तिची वॉरंटी मोठ्या बॅटरीच्या आठ वर्षांत धरू नका, ती वेगळी आणि छोटी असते.

हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला मात्र घरी हात लावायचा नाही. आम्ही सुद्धा सर्व्हिस प्लग काढून, कपॅसिटर डिस्चार्ज व्हायला वेळ देऊन, मीटरने शून्य बघून, इन्सुलेटेड ग्लोव्हज घालूनच काम सुरू करतो.

कागद_आधी

वर मेंटेनन्सचं फार छान सांगितलंय. वॉरंटीवर मी लिहितो, माझं कामच अटी वाचायचं आहे आणि घरात ईव्हीही आहे.

पहिली गोष्ट, पुस्तक डिलिव्हरीला मिळेल हे मान्य करू नका. बऱ्याच कंपन्या वॉरंटीची पीडीएफ वेबसाइटवर टाकतात, नसेल तर बुकिंगची रक्कम भरायच्या आधी डीलरकडून मेलवर मागा. मॉडेल आणि वर्ष बरोबर जुळतंय का बघा कारण एकाच कंपनीच्या दोन व्हेरिएंटच्या अटी वेगळ्या असतात. टेस्लाचंच उदाहरण घ्या, मॉडेल ३ च्या साध्या व्हेरिएंटला बॅटरी आणि ड्राइव्ह युनिटसाठी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, लाँग रेंजला ८ वर्षं किंवा १,९२,००० किमी, मॉडेल एसला ८ वर्षं किंवा २,४०,००० किमी, तिन्हीत जे आधी संपेल ते. म्हणजे नुसतं "आठ वर्षं" हे अर्धंच वाक्य आहे, किलोमीटर न सांगता कोणी वर्षं सांगत असेल तर थांबवून विचारा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, रेंज कमी झाली तर काय. इथे दोन वेगळी कलमं असतात आणि लोक ती एकत्र करून टाकतात. एक कलम बिघाडाचं, म्हणजे सेल किंवा मॉड्यूल (सेलचा गठ्ठा) खराब झालं, बॅटरी पॅकमधला कॉन्टॅक्टर गेला, गाडी चालत नाही, तर दुरुस्ती. दुसरं कलम क्षमतेचं, म्हणजे बॅटरी चालू आहे पण पूर्वीइतकी वीज साठवत नाही. बॅटरी वापराने आणि वयाने थोडी उतरणारच, हे नैसर्गिक धरतात आणि त्याला वॉरंटी नसते. वॉरंटी असते ती एका मर्यादेखाली उतरली तर, आणि ती मर्यादा बहुतेक ठिकाणी ७० टक्के असते. तुमची बॅटरी मुदतीच्या आत ७१ टक्क्यांवर आली तर कंपनी काहीही देणं लागत नाही, ६९ वर आली तर लागते. आणि काही पुस्तकांत हा टक्का लिहिलेलाच नसतो, फक्त बिघाडाचं कलम असतं. असं पुस्तक दिसलं तर माझ्या मते ती वॉरंटी अर्धीच समजा आणि लेखी खुलासा मागा.

हे क्षमतेचं कलम आपोआप नाही आलं बरं का, त्यामागे गाडी घेतलेल्या लोकांचा त्रास आहे. निसान लीफ २०१० च्या शेवटी आली, बॅटरीला कूलिंगची वेगळी व्यवस्था नव्हती, आणि २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटी उष्णतेत लोकांच्या डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या काड्या एकेक करून कमी व्हायला लागल्या. तेव्हाच्या वॉरंटीत क्षमता कमी होणं बसतच नव्हतं. लोकांनी आरडाओरडा केल्यावर कंपनीने ५ वर्षं किंवा ६०,००० मैल या मुदतीत १२ पैकी ९ काड्यांच्या खाली गेली तर दुरुस्त करू असं कलम घातलं आणि ते आधी विकलेल्या गाड्यांनाही लावलं. पुढे २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांच्या मंचाने जागतिक तांत्रिक नियम क्रमांक २२ मंजूर केला, त्यात बॅटरीने ५ वर्षं किंवा १,००,००० किमीपर्यंत किमान ८० टक्के आणि ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीपर्यंत किमान ७० टक्के क्षमता राखावी असं आहे. तो प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात घेतला तरच तिथे लागू होतो, पण गाडी निवडताना तुमच्या हातात एक मोजपट्टी म्हणून चांगला आहे, समोरच्या कंपनीचं वचन याच्या वर आहे की खाली ते बघा.

मग पुढचा शब्द बघायचा तो "दुरुस्ती किंवा बदली". बदली म्हणजे कोरी बॅटरी असं बहुतेक पुस्तकांत कुठेच लिहिलेलं नसतं. एखादं मॉड्यूल बदलून किंवा दुरुस्त केलेला जुना पॅक बसवून क्षमता मर्यादेच्या वर आणली की कंपनीची जबाबदारी संपते, आणि बसवलेल्या पार्टला बहुधा मूळ वॉरंटीचा उरलेला काळच मिळतो. सातव्या वर्षी पॅक मिळाला म्हणून पुन्हा आठ वर्षं सुरू होतील या भरवशावर राहू नका.

नकाराची कारणंही वाचा. अपघात, पूर, खालून दगड लागून पॅक चेपणं हे वॉरंटीत नसतं, ते विम्यात जातं, म्हणून विमा घेताना बॅटरी पॅक आणि चार्जर दोन्ही धरलेत का ते विचारा. बाहेरून लाइट-हॉर्न बसवताना वायर कापली, कंपनीच्या सर्व्हिस शेड्यूलप्रमाणे कूलंट तपासलं नाही, गाडी टॅक्सीला लावली, ही नेहमीची कारणं. लीफच्या अमेरिकेतल्या पुस्तकात तर ४९ अंशांच्या वर २४ तासांपेक्षा जास्त, उणे २५ अंशांखाली सात दिवसांपेक्षा जास्त, आणि चार्ज शून्याच्या जवळ असताना १४ दिवसांपेक्षा जास्त गाडी उभी ठेवली तर होणारं नुकसान वॉरंटीबाहेर, असं स्पष्ट लिहिलंय. लांबच्या प्रवासाला विमानाने जाताना गाडी ५ टक्क्यांवर सोडून जाणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पहाटवारा

दोघांचे मनापासून आभार, एवढं कोणी समोर बसूनही सांगितलं नव्हतं. कागद_आधी, एक विचारते, ही ७० टक्के मोजायची कशी? स्क्रीनवर जी रेंज दिसते ती बघून कळतं का? आणि ७० पर्यंत खरंच जाते का लवकर?

कागद_आधी

स्क्रीनवरची रेंज बघून अजिबात ठरवू नका. तो अंदाज असतो, तुम्ही गेल्या काही दिवसांत कशी चालवली, एसी-हीटर किती, बाहेर किती थंडी यावरून तो बदलत राहतो, हिवाळ्यात कमी दिसली म्हणून बॅटरी उतरली असं नसतं. बघायचा तो एसओएच, म्हणजे बॅटरीचं आरोग्य टक्क्यांत. काही गाड्या तो मेनूमध्ये दाखवतात, नाहीतर ओबीडी पोर्टला (गाडी तपासायच्या सॉकेटला) डोंगल लावून ॲपवर बघता येतो. पण क्लेम करताना कंपनी स्वतःच्या मशीनवर स्वतःच्या पद्धतीने मोजलेला आकडाच धरते, पुस्तकात तसं लिहिलेलं असतं. तरी तुमचा आकडा फुकट जात नाही. वर्षातून एकदा, साधारण सारख्याच हवामानात, पूर्ण चार्ज करून नोंद ठेवा आणि दर सर्व्हिसला एसओएचचा रिपोर्ट जॉबकार्डला जोडून मागा. मुदतीच्या शेवटच्या वर्षी तर नक्कीच, मुदत संपायच्या आधी लेखी तक्रार गेलेली असणं फार महत्त्वाचं.

लवकर जाते का, तर सहसा नाही. जिओटॅब या कंपनीने हजारो ईव्हींचा डेटा बघून २०२४ मध्ये वर्षाला सरासरी १.८ टक्के असा आकडा दिला होता, आणि तो उतार सरळ रेषेत नसतो, पहिल्या एक-दोन वर्षांत जरा जास्त उतरते मग वेग मंदावतो. म्हणून पहिल्या वर्षी ४-५ टक्के गेले बघून घाबरू नका. सरासरी धरली तर आठ वर्षांनी तुम्ही ८५ च्या आसपास असाल. पण हे सरासरीचं गणित झालं, तुमचीच गाडी त्यात बसेल याची हमी कोणी देत नाही, त्याचसाठी तर कलम हवं.

तिसरी_लेन

मी वापरणारा आहे, माझ्याकडून एकच मुद्दा पण तो फार महत्त्वाचा वाटतो. सगळे बॅटरी बॅटरी करतात आणि खर्च दुसरीकडूनच येतो. आमच्या गाडीचा ऑनबोर्ड चार्जर गेला. एका रात्री चार्जिंगला लावली, सकाळी बघतो तर टक्का तसाच, प्लगवर लाल लाइट. आधी वाटलं घरचा पॉइंट खराब, इलेक्ट्रिशियन बोलावला, अर्थिंग बघितलं, सगळं ठीक. दुसऱ्याच्या घरी लावून बघितली, तिथेही नाही. मग बाहेरच्या डीसी फास्ट चार्जरवर नेली तर व्यवस्थित चार्ज झाली. तिथेच कळलं, कारण डीसी चार्जिंग गाडीतल्या चार्जरला वगळून थेट बॅटरीत जातं, घरच्या एसी करंटवर मात्र गाडीतला चार्जरच त्या एसीचं डीसी करतो.

सर्व्हिस सेंटरला सांगितलं तर म्हणाले बॅटरी आणि मोटर लांब मुदतीत आहेत, ऑनबोर्ड चार्जर साध्या वॉरंटीत होता आणि ती संपली. पुस्तक काढून बघितलं तर खरंच तसं होतं. पण माझ्याकडे सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या होत्या, आणि साधी वॉरंटी चालू असतानाच चार्जिंग मधेच थांबतं अशी तक्रार जॉबकार्डवर लिहून घेतलेली होती, तेव्हा त्यांनी सॉफ्टवेअर अपडेट करून परत दिली होती. तोच कागद लावून कंपनीच्या कस्टमर केअरला मेल केला, दोन-तीनदा पाठपुरावा केला, तेव्हा पार्टचा बराच भाग त्यांनी सोसला. तक्रार तोंडी सांगून आलो असतो तर काहीच मिळालं नसतं. म्हणून ताई, बारीकशी शंका असली तरी जॉबकार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

पुस्तकात नावं घेऊन विचारा, ऑनबोर्ड चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर (१२ व्होल्टची बॅटरी चार्ज करणारा), इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला देणारा), एसी कॉम्प्रेसर, बॅटरी हीटर, मोठी स्क्रीन, हे कुठल्या मुदतीत. काही कंपन्या इन्व्हर्टर मोटरबरोबर लांब मुदतीत धरतात, काही नाही.

लाल_दिवा

हे सगळं ठीक आहे पण मुळात फास्ट चार्जिंग केलं की बॅटरी मरते, आणि ८० च्या वर कधीच न्यायची नाही, एवढं पाळलं तर वॉरंटीची गरजच पडत नाही. आमच्या ग्रुपमध्ये सगळे हेच सांगतात.

पाना_पकड

भाऊ, एवढं सरसकट नाहीये ते. बॅटरी कुठल्या केमिस्ट्रीची आहे ते आधी बघायचं, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) की एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट). एनएमसी असेल तर रोजच्या वापराला ८० पर्यंत ठेवणं चांगलं, लांब जायचं असेल त्या दिवशी १०० करून लगेच निघायचं, भरून उन्हात चार दिवस उभी करायची नाही. एलएफपी असेल तर बऱ्याच कंपन्या उलट आठवड्यातून एकदा १०० करा असं सांगतात, कारण त्या केमिस्ट्रीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतो, बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोलरला) नेमकी किती भरलीये ते कळत नाही, पूर्ण भरली की त्याचा हिशोब जुळतो. कधीच १०० न केलेल्या एलएफपी गाड्यांमध्ये मग २० टक्के दाखवता दाखवता एकदम खाली येते आणि माणूस रस्त्यात अडकतो.

फास्ट चार्जिंगने थोडा जास्त ताण येतो हे खरं, विशेषतः बॅटरी खूप गरम किंवा खूप थंड असताना, रोज फक्त त्यावरच गाडी जगवू नये. पण गाडीचं सॉफ्टवेअर तापमान बघून करंट कमी करतच असतं, प्रवासात वापरायला घाबरायचं काही कारण नाही. आणि सवयी कितीही चांगल्या असल्या तरी सेल बनवतानाच दोष असेल तर तुमच्या ८० टक्क्यांनी तो सुधारत नाही, तिथे वॉरंटीच लागते.

कागद_आधी

याला जोडून. शेवरले बोल्टचं प्रकरण हेच होतं. काही सेलमध्ये ॲनोडचा टॅब फाटलेला आणि सेपरेटर दुमडलेला असे दोन्ही दोष एकत्र आले तर आग लागू शकते असं निघालं, आणि २०२१ मध्ये जनरल मोटर्सने तोपर्यंत बनवलेल्या सगळ्याच बोल्ट रिकॉलमध्ये (दोष दुरुस्तीसाठी परत बोलावणं) घेतल्या. मालकाने कशीही चार्ज केली असती तरी तो दोष कारखान्यातलाच होता. रिकॉल वॉरंटीपेक्षा वेगळा असतो, दोष कंपनीचा म्हणून काम फुकट, आणि गाडी दुसऱ्या मालकाकडे असली तरी. ह्युंदाई आणि किआच्या काही ईव्हींमध्ये आयसीसीयू नावाचं युनिट, ज्यात ऑनबोर्ड चार्जर आणि १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर एकत्र असतात, त्याचाही २०२४ मध्ये रिकॉल झाला. म्हणजे तिसरी_लेन म्हणतात ते पार्ट खरोखरच जातात. गाडीचा चॅसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून सहा महिन्यांनी एकदा रिकॉल बघत जा, सर्व्हिस सेंटर कळवेल यावर विसंबू नका.

पहाटवारा

एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का मग? शोरूमवाला गाडीबरोबरच घ्या म्हणतोय. आणि दहा वर्षांनी बॅटरीत बिघाड आला तर पूर्ण पॅकच बदलावा लागतो का?

तिसरी_लेन

तुम्ही दहा-बारा वर्षं ठेवणार असाल तर माझं मत घ्या असंच आहे, पण कंपनीची असेल तरच आणि त्यात ऑनबोर्ड चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर, इन्व्हर्टर आणि स्क्रीन नाव घेऊन लिहिलेलं असेल तरच. नुसतं "इलेक्ट्रिकल पार्ट" असं लिहिलेलं असेल तर क्लेमच्या वेळी वाद होतो. बहुतेक ठिकाणी मूळ वॉरंटी संपेपर्यंत कधीही घेता येते, पहिल्याच दिवशी गळ्यात घालून घ्यायची घाई नाही, फक्त शेवटची तारीख विचारून ठेवा.

पाना_पकड

पॅकचं उत्तर गाडीच्या बांधणीवर आहे. ज्या पॅकमध्ये वेगवेगळी मॉड्यूल बोल्टने बसवलेली असतात तिथे खराब मॉड्यूल काढून दुसरं घालता येतं, नवीन मॉड्यूलचा व्होल्टेज बाकीच्यांशी जुळवून घ्यावा लागतो एवढंच. काही नव्या गाड्यांत सेल थेट पॅकमध्येच चिकटवलेले असतात, ते उघडणं फार अवघड, तिथे एक सेल गेला तरी पूर्ण पॅकची भाषा होते. म्हणून डीलरला सरळ विचारा, तुमच्या सर्व्हिस सेंटरला मॉड्यूल लेव्हलला दुरुस्ती होते का, आणि ती करणारा ट्रेनिंग घेतलेला माणूस तिथे आहे का की गाडी दुसरीकडे पाठवावी लागेल. सेल्सचा माणूस याला उत्तर देणार नाही, सर्व्हिस मॅनेजरला गाठा.

आणि बरेचदा "बॅटरी गेली" म्हणून आलेल्या गाडीत सेल ठीकच असतात. पॅकमधला सेन्सर, एखादा बसबारचा जोड, कॉन्टॅक्टर, नाहीतर पॅकच्या झाकणाच्या सीलमधून शिरलेला ओलावा. इन्सुलेशन फॉल्ट (हाय व्होल्टेज बॉडीकडे गळतंय असा इशारा) आला की आधी एसीचा कॉम्प्रेसर आणि हीटर एकेक करून वेगळे करून तपासायचे, मग पॅककडे यायचं, पण घाईत असलेलं वर्कशॉप थेट पॅकचं एस्टिमेट हातात देतं. असं एस्टिमेट आलं तर फॉल्ट कोड आणि इन्सुलेशनची रीडिंग लेखी मागा आणि दुसऱ्या अधिकृत सेंटरला दाखवा.

रुळावरची

मी वाचतच होते, मधे विचारते. आम्ही पाच वर्षं जुनी ईव्ही बघतोय, पहिल्या मालकाकडून. उरलेली तीन वर्षं आपल्याला मिळतात का?

कागद_आधी

बऱ्याच कंपन्यांत वॉरंटी गाडीबरोबर जाते, पण काही ठिकाणी दुसऱ्या मालकाला मुदत कमी होते किंवा ठरावीक दिवसांत ट्रान्सफरची नोंद करावी लागते. व्यवहाराआधी चॅसिस नंबर देऊन कंपनीकडूनच लेखी उत्तर मागवा की या गाडीला बॅटरीची वॉरंटी कुठल्या तारखेपर्यंत आणि किती किमीपर्यंत आहे. मुदत पहिल्या विक्रीच्या किंवा गाडी वापरात आल्याच्या तारखेपासून मोजतात, शोरूममध्ये डेमो म्हणून फिरलेली गाडी असेल तर ती आधीच सुरू झालेली असते. सर्व्हिसचे सगळे रेकॉर्ड, अधिकृत सेंटरचा एसओएच रिपोर्ट, आणि टॅक्सीला वापरली होती का याचा खुलासा घ्या. गाडीचं इंटरनेट आणि ॲपचं सबस्क्रिप्शन कधी संपतं तेही विचारा, काही गाड्यांत त्याशिवाय चार्जिंगचं शेड्यूल लांबून करता येत नाही.

पाना_पकड

आणि घेण्याआधी लिफ्टवर चढवून खालचं झाकण बघा. पॅकच्या कडेला चेपलेलं, ओरखडलेलं, किंवा नव्याने सीलंट फासलेलं दिसलं तर कंपनी पुढे क्लेम करताना बाहेरून मार लागलाय असं म्हणू शकते. ते फोटो काढून आधी सेंटरकडून पास करून घ्या, मगच पैसे द्या. एसी आणि डीसी दोन्हीवर समोर चार्ज लावून बघा, एकावर होतेय म्हणून दुसऱ्यावर होईलच असं नाही.

पहाटवारा

आज डीलरला मेल टाकला, पुस्तकाची पीडीएफ, ७० टक्क्यांचं कलम कुठल्या पानावर आहे आणि ऑनबोर्ड चार्जर कुठल्या मुदतीत बसतो असे तीन प्रश्न. सर्व्हिस मॅनेजरची शनिवारची वेळही मागितली आहे, त्यांना मॉड्यूल दुरुस्तीचं विचारणार. उत्तर आलं की इथेच टाकते, तेवढं कोणीतरी बघून सांगा कलम नीट आहे का.

कागद_आधी

नक्की टाका. उत्तरात "कंपनीच्या धोरणानुसार" असं लिहून आलं तर ते उत्तर धरू नका, पान क्रमांक मागा.